पुराच्या सालचा कार्दो

मिंब्रेरा, ७ नोव्हेंबर १९५९

ओरोसिया,

हे पत्र वाचशील की चुलीत घालशील, मला ठाऊक नाही. चुलीतच घालायचं असेल तर आधी एवढं वाच, कारण आत कामाचंच आहे. कार्दोच्या भाजीच्या वाटणाला तू बदाम किती घ्यायचीस? मोठ्या पातेल्याला, बारा माणसांच्या. मूठभर असं लिहू नकोस. तुझी मूठ आणि माझी मूठ एक नाही. आकडा लिही.

तुझा पत्ता मी शोधत बसले नव्हते, तो आपणहून आला. हिलारियो म्हणून एकजण हल्ली सारागोसाची बस चालवतो. परवा दारात उभा राहून मोठ्यानं म्हणतो, "मावशी, तुमच्या घरचा कार्दो खाल्ला हो मी! बाजारामागच्या खानावळीत!" मी म्हटलं, आमच्या घरचा कार्दो काय पायी चालत सारागोसाला गेला? तर म्हणतो, "स्वैपाकीण उंच आहे, कुणाशी बोलत नाही, आणि डाव्या भुवईत वण आहे." मग मी त्याला बस सुटायला उशीर होतोय म्हणून हाकललं.

झालंय असं, की पाद्रीबाबा माझ्या मागे लागलेत. म्हणतात, "एन्ग्रासियाबाई, तुमचं वय झालं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अख्खं गाव तुमच्याकडे भांडी घेऊन येतं. ती कृती एकदा कागदावर उतरवून द्या, मी चर्चच्या वहीत लिहून ठेवतो." हो म्हणून बसले. आणि आता कागद पुढ्यात घेतला, तर 'कार्दो धुवावा' याच्यापुढे हात चालत नाही.

मी विसरले असं नाही. मला येते. फक्त बदामाचं प्रमाण नक्की करायचं आहे.

माझे डोळे अधू झालेत. दोन्ही डोळ्यांत पांढरं साचलंय. सकाळी दारात उभी राहिले, की नदीवरचं धुकं कुठलं आणि माझ्या डोळ्यातलं कुठलं, ते दहा वाजेपर्यंत कळत नाही. म्हणून अक्षर एवढं मोठं काढलंय. रागानं काढलं असं समजू नकोस.

एन्ग्रासिया


१९ नोव्हेंबर

ओरोसिया,

बारा दिवस झाले. हिलारियो म्हणतो, पत्र त्यानं तुझ्या हातात दिलं, तू ते पुसलेल्या ओट्यावर ठेवलंस आणि त्याला म्हणालीस, "सूप गार होतंय." म्हणजे चुलीत गेलं नाही तर.

खरं सांगते, नुसत्या बदामाचं नाही. गेल्या नाताळला शेजारच्या बेनिताच्या नातवानं माझ्यादेखत तोंडातला घास रुमालात काढून ठेवला. माझे डोळे गेलेत असं त्याला वाटलं असणार. एवढं मला दिसतं. वाटणाच्या गुठळ्या होतात. लसूण करपतो. कधी पाणचट, कधी चिकट खळीसारखं. तू गेल्यापासून चौदा नाताळ मी ते करते, आणि दर वर्षी ते जरा जास्तच वाईट होतं. बायका भांडी भरून नेतात, "वा मावशी" म्हणतात, आणि मला वाटतं कोपऱ्यावर वळल्या की पाटात ओततात.

मी तुला कधी विचारलं नाही, हे खरं. तू चुलीपाशी असायचीस आणि मी बाकावर बसून दुसऱ्याच गोष्टी काढायचे. सासूनं सुनेला विचारायचं, आणि तेही भाजी कशी करतेस म्हणून! आमच्या वेळी असं नव्हतं.

काल दुपारी बाकावरच डुलकी लागली, आणि पुराचं साल पुन्हा दिसलं. स्वप्नात पाणी काळं नव्हतं, दुधासारखं होतं, आणि आवाज नव्हता. कोंबड्या खुराड्यासकट तरंगत चालल्या होत्या, अगदी शहाण्यासारख्या, रांगेनं. तू माळ्यावरच्या खिडकीत बसून त्या मोजत होतीस.

प्रत्यक्षात आवाज किती होता! तीन दिवस नदी घरात होती. नाताळ दोन आठवड्यांवर आलेला, युद्ध संपून दोन वर्षं झालेली, आणि घरात होतं नव्हतं ते सगळं भिजलेलं. पीठ वाटीभर उरलं, शेळी गेली, सशांचा पिंजरा गेला. रस्ता तुटला, म्हणून खारवलेले मासेही गावात येईनात. अकरा घरची माणसं आपल्या माळ्यावर गव्हाच्या रिकाम्या पोत्यांवर बसली होती. बेनिता रडत म्हणाली, "यंदा येशूबाळ जन्मला तरी त्याला काय खायला घालायचं?" आणि तू म्हणालीस, "कार्दो आहे की."

सगळे हसले. मीही हसले, सगळ्यात मोठ्यानं मीच. कारण आपल्याकडे तोवर कार्दो म्हणजे नोव्हेंबरातली रोजची काटेरी भाजी. तेल-लसूण घालून गिळायची, उरली की सशांना टाकायची. सणाच्या ताटात ती वाढली असती, तर पाहुण्यानं टोपी उचलून घरचा रस्ता धरला असता.

पण ऑक्टोबरात माझ्या लेकानं, ब्लासनं, झाडं सुतळीनं आवळून वर मातीची भर घातली होती, देठ पांढरे व्हावेत म्हणून. तिच्यावर नदीनं आणखी हातभर गाळ आणून टाकला. तू आणि ब्लास गुडघाभर चिखलात उतरलात. मी माळ्यावरून बघत होते. तो खणायचा, तू ओढायचीस. आणि त्या काळ्या गाळातून देठ बाहेर आले, ओरोसिया, इतके पांढरे की मी डोळे चोळले. एवढे पांढरे त्याआधी कधी निघाले नव्हते, त्यानंतरही नाहीत. बेनितानं छातीवर क्रूस काढला.

बदामाची पिशवी आढ्याला टांगलेली होती, म्हणून वाचली. तुझ्या माहेरची. लग्नात तू ती आणलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं: डोंगरातली माणसं, चादरी द्यायच्या सोडून बदाम देतात.

ते बदाम तू त्या दिवशी सगळे कुटलेस. मला एकदाही न विचारता.

बाकी पुढच्या वेळी. बोटं गारठली.

एन्ग्रासिया


२ डिसेंबर

ओरोसिया,

अजून उत्तर नाही. बरं.

आज कार्दोवरची मातीची भर काढायला सुरुवात झाली. बेनिताचा जावई आपला मळा अर्धेलीनं करतो. मी काठी टेकत गेले. धुकं इतकं होतं की तो फावडं मारायचा ते ऐकू यायचं, दिसायचं नाही. मी वाफ्यात बसले आणि हातानंच माती बाजूला केली. आतला देठ गार होता, ओला, आणि गुळगुळीत. बराच वेळ हात तिथंच राहिला. जावई म्हणाला, "मावशी, झोपलात काय?" मी म्हटलं, "झोपले असते तर तुझी बडबड ऐकावी लागली नसती."

मी झोपले नव्हते. त्या माळ्यावर गेले होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तू सगळ्यांना वाढलंस, एका कढईतून. अकरा घरं, भांडी सात. लहान पोरांनी बोटानं कढई पुसून घेतली. म्हातारा सिप्रियानो एरवी कशालाच चांगलं म्हणायचा नाही. तो म्हणाला, "हे कुणी केलं?"

आणि मी म्हणाले, "आमच्या घरात असंच करतात."

तू माझ्याकडे पाहिलंस. ब्लास बोलणार होता, पण तू त्याच्या पायावर पाय ठेवलास. तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसायचं.

पुढच्या वर्षी गावात कोंबड्या होत्या, मासेही आले होते. तरी नाताळच्या आदल्या दिवशी बेनिता पातेलं घेऊन दारात उभी. "यंदाही करणार ना गं? पोरं म्हणतात, त्याशिवाय नाताळ नाही." तिच्यामागे आणखी चार जणी. असं ते सुरू झालं. आता गावात विशीच्या आतल्या माणसाला विचार, तो सांगेल की आमच्या गावात नाताळला पहिल्यापासून कार्दोच असतो, खापरपणज्याच्या काळापासून. सांगणाऱ्याला मी अडवत नाही. उलट मान डोलावते.

बेनिता पातेलं घेऊन आली, त्याच हिवाळ्याच्या शेवटी ब्लास गेला. फेब्रुवारी त्रेचाळीस. दोन दिवसांचा ताप.

पुढचं आज नाही.


९ डिसेंबर

ओरोसिया,

मी तीन कागद फाडले. हा फाडणार नाही.

तू गेलीस, तेव्हा मी गावाला सांगितलं की तुला शहराची हौस होती. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मी तर इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. पण हल्ली डोळ्यांमुळे दिवसभर बसून असते, आणि बसल्यावर माणूस स्वतःशी किती वेळ खोटं बोलणार?

एवारिस्तो पाटकरी आपल्याकडे आला होता. तू धुणं घेऊन गेली होतीस. त्यानं हातात टोपी धरली होती, बूट बाहेर काढून ठेवले होते, आणि मला म्हणाला, "एन्ग्रासियाबाई, ब्लासला जाऊन दोन वर्षं झाली. तुमची परवानगी असेल तर मी ओरोसियाला मागणी घालीन." चांगला माणूस होता. पाणी सोडताना कुणाची बाजू घ्यायचा नाही. मला नाही म्हणायला काहीच कारण नव्हतं.

मी त्याला म्हणाले, "ब्लासनं मरताना तिच्यासाठी निरोप ठेवलाय. म्हणाला, तिला सांग, माझ्यामागे दुसऱ्या कुणाची होऊ नकोस. त्याचे शेवटचे शब्द."

त्यानं क्रूस काढला, बूट घातले आणि गेला. पुढे तो वर धरणाच्या कामावर गेला तो परत आलाच नाही.

ब्लासनं असं काही म्हटलं नव्हतं. एक अक्षरही नाही. मी ते तिथं उभ्या उभ्या रचलं. कारण मला एवढंच दिसत होतं, की तू त्याच्या घरी जाशील, आणि मी या घरात चुलीसमोर एकटी बसेन. तुला ठेवून घ्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तुला मी कधी गोड बोलले नव्हते, ते आता कुठून आणू? म्हणून मेलेल्या लेकाला पुढे केलं.

तुला हे कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. नाताळच्या आधी चार दिवस तू गेलीस. खलबत्ता घासून पालथा घातला होतास. मला वाटतं, कळलं होतं.

बदाम किती, ते नाही सांगितलंस तरी चालेल. पाद्रीबाबांना मी सांगेन की मला येत नाही.

एन्ग्रासिया


सारागोसा, १४ डिसेंबर

एन्ग्रासियाबाई,

बदाम साठ. गरम पाण्यात टाकून सालं काढा. कार्दोच्या शिरा देठाच्या खालून वर ओढायच्या, तुकड्यांना लगेच लिंबू चोळायचं, नाहीतर काळे पडतात. उकळताना पाण्यात चमचाभर कणीक. ते पाणी फेकायचं नाही. तुम्ही फेकत असणार, म्हणून गुठळ्या होतात. लसूण नुसता पिवळा झाला की काढून बदामाबरोबर कुटायचा, मग त्याच तेलात कणीक, मग बदाम, मग ते राखलेलं पाणी थोडं थोडं. दूध घालायचं नाही. पुराच्या साली शेळी वाहून गेली म्हणून घातलं नव्हतं, आणि तेच बरं लागलं.

हे पाद्रीबाबांसाठी. आता माझं.

एवारिस्तोनं तुमच्याआधी मलाच विचारलं होतं, पाटाच्या दरवाजापाशी. मी नाही म्हटलं होतं. त्याच्या अंगाला बेडकांचा वास यायचा, आणि ब्लासनंतर मला कुणी नकोच होतं. त्याला वाटलं, तुम्ही सांगितलंत तर मी ऐकेन. तेव्हा तुमच्या खोटं बोलण्यानं माझं लग्न मोडलं असं समजून रडू नका. ते लग्न होणारच नव्हतं.

तुमच्याकडून परत जाताना तो मला वाटेत भेटला. म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचा असा निरोप होता, तो मला आधी सांगायचास. मी तोंड उघडलं नसतं." मी धुण्याची पाटी तिथंच खाली ठेवली.

मी त्या पहाटे डॉक्टरला आणायला गेले होते. परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्या दोन तासांत तुम्हीच होतात त्याच्यापाशी. मला काय ठाऊक, तो काय बोलला आणि काय नाही? मला माहीत असलेला ब्लास असं बोलणारा नव्हता. पण तापात माणूस बदलतो असंही म्हणतात. तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही, कारण तुम्ही हो म्हणाला असतात तर? म्हणून निघून आले. चौदा वर्षं मी भांडी घासताना, शिरा काढताना तोच विचार करते, की तो मला शेवटी एवढंच म्हणून गेला काय. मला बांधून.

आता तुम्ही लिहिता, एक अक्षरही नाही. मग तो काय बोलला? काही बोलला असेल तर लिहा. गोड करून लिहू नका. काही बोलला नसेल तर तसं लिहा.

ओरोसिया


मिंब्रेरा, १८ डिसेंबर

ओरोसिया,

तुझं पत्र बेनितानं वाचून दाखवलं. माझ्यानं वाचवेना, आणि दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे तिला आता सगळं ठाऊक आहे. ती पत्र खाली ठेवून म्हणाली, "बदामाचं म्हणशील तर, बाई, ते अख्ख्या गावाला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुला साधं अंडं उकडता येत नाही. आम्ही काय सिप्रियानोएवढे म्हातारे होतो?" सतरा वर्षं त्या माझ्यापुढे माना डोलावत होत्या आणि मी त्यांच्यापुढे. ब्लासच्या निरोपाचं आलं तेव्हा ती उठली. चुलीत लाकूड सारून गेली.

तो बोलला होता. लिहिते.

तू गेल्यावर उजाडेपर्यंत तो पडूनच होता. बाहेर असंच धुकं. मी त्याचा हात धरून बसले होते. मग त्यानं डोळे उघडले. ताप उतरल्यासारखे, अगदी लहानपणी उठायचा तसे. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "ती कुठंय?"

मी म्हटलं, "डॉक्टरला आणायला गेलीय."

"पायी?"

"मग काय घोड्यावर? पायीच."

त्यानं खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाला, "चिखल झालाय बाहेर. तिला म्हणावं, सावकाश ये. घाई नाही."

मग डोळे मिटले. मी वाट बघत होते. ओरोसिया, मी त्याची आई. मला वाटलं, आता मला काही म्हणेल, नुसतं आई म्हणेल. त्याच्या तोंडाशी कान नेला. श्वास यायचा आणि जायचा, नदीकाठी होडी बांधलेली असते तसा. मग एकदा गेला तो आलाच नाही.

हा निरोप तुझा होता. तू दारातून आलीस, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, धापा टाकत, तेव्हाच मी तो द्यायला हवा होता. नाही दिला. माझ्या वाट्याला काही आलं नव्हतं, म्हणून तुझंही दाबून ठेवलं. आणि नंतर त्याच्या जागी तो दुसरा निरोप रचला. इतकी वर्षं दोन्ही माझ्यापाशीच होते.

गोड केलेलं नाही. एवढंच बोलला.

एन्ग्रासिया


२७ डिसेंबर

ओरोसिया,

काल तुझी बस सुटली आणि आज मी लिहायला बसले, म्हणून हसशील. बसथांब्यावर मी नुसती तुझी पिशवी धरून उभी होते.

तू चोवीस तारखेला दुपारी आलीस, माझ्या हातातली सुरी काढून घेतलीस, आणि तासभर नुसत्या शिरा काढत बसलीस. मला वाटलं, झालं, ही अशीच करून निघून जाणार. मग म्हणालीस, "लिंबू कुठंय?" एवढ्यानंही मला किती बरं वाटलं, ते तुला कळलं नसेल. पण मी ते शोधताना तीन कपाटं उघडली, ते तू पाहिलंस.

बायका भांडी घेऊन आल्या. मी उभी राहून त्यांना सांगणार होते, दोन दिवस वाक्य घोकून ठेवलं होतं. "बायांनो, ही कृती माझी नाही," एवढं म्हणाले मात्र, तर सगळ्या एकदम म्हणाल्या, "माहीत आहे, मावशी!" आणि तू हसलीस. तुझं हसणं या घरात मी शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही. नंतर पाद्रीबाबा वही घेऊन आले, तू सांगत गेलीस, ते लिहीत गेले. तुझं नाव त्यांनी वर घातलं. तू म्हणालीस, "यांचंही घाला, मळा यांचा आहे." मी नको म्हटलं. पुन्हा सांगते, नको. बेनिताचा नातू तीनदा वाढून घेऊन गेला.

तू मला माफ केलंस असं मी समजत नाही. तू तसं म्हणाली नाहीस, आणि मी विचारलं नाही. पुढच्या नाताळला येशील का, तेही विचारलं नाही. देठ बांधायला ऑक्टोबरात मीच सांगेन, ते माझं काम आहे.

नाताळच्या सकाळी तू एकटीच दफनभूमीत गेलीस. मी फाटकाशी थांबले. धुक्यात तू दिसत नव्हतीस, पण तू त्याच्याशी बोलत होतीस. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ बोललीस. एकदा हसलीसही.

काय बोललीस, ते विचारण्यासाठी खरं तर हे पत्र काढलं होतं. इतकं लिहून झाल्यावर वाटतं, नको.

सांगू नकोस.

एन्ग्रासिया